चार चिंध्या जास्त
स्वयंपाकघरातल्या शांततेत चमचा खणकन पडला. मोतीबिंदूमुळे सासूबाईंचा हात पुन्हा चुकला होता. उद्या त्यांचं ऑपरेशन डॉक्टर सूनच करणार होती. दुसऱ्या कुणाच्या हाती त्या डोळा द्यायला तयार नव्हत्या. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातल्या पेशी त्यांच्याकडे मोजक्याच उरल्या होत्या, त्या ऑपरेशनच्या धक्क्यानं मरू शकतात आणि गेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. या धास्तीनं सुनेला घास गिळवेना. “आधी डोळ्यात घट्टसर जेल भरीन, आई. मोतीबिंदू फोडताना धक्का जेललाच बसेल, पेशींना नाही.” “घर बदलताना बरण्यांच्या मध्ये चिंध्या कोंबतो, तसंच की,” सासूबाई हसल्या. “मग चार जास्त कोंब. आणि जेव आता, डॉक्टरीणबाई, उपाशी हात थरथरतात.” सुनेनं घास उचलला. तेवढ्यात आजीच्या मांडीवर रेललेली तिची छोटी लेक म्हणाली, “आई, आजीला दिसत नाही म्हणून ती आपल्याकडे राहते ना? मग दिसायला लागल्यावर परत तिच्या घरी जाणार?”