ट्रंकेवरचे तीन तास

"वहिनी, घाटगे म्हणून गृहस्थ आलेत. सोबत नुकतं लग्न झालेली मुलगी आणि काळी ट्रंक. तुमच्या शेजारचं क्वार्टर त्यांच्या जावयाला मिळालंय, पण तो ड्यूटीवर आहे. आतल्या कुणी ओळख दिल्याशिवाय मला सोडता येत नाही. तुम्ही त्यांना मुलीसारख्या आहात, असं म्हणतात."

गेटवरच्या जवानाचा फोन कानाशी धरून सुनेत्राने खिडकीबाहेर पाहिलं. ऊन रणरणत होतं.

चार वर्षांपूर्वीही असंच होतं. लग्नाला महिना झालेला. नवरा सीमेवर गेला त्याच दुपारी घरमालक घाटगेंनी तिची ट्रंक रस्त्यावर काढली. "एकट्या बाईला आम्ही घर देत नाही." टेम्पो मिळेपर्यंत ती ट्रंकेवर बसून राहिली.

तीन तास.

पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही.

"मुलीला आत पाठवा. जेवायला माझ्याकडेच. आणि तिला सांगा, नवरा बाहेर गेला तरी इथून कुणी काढत नाही."

"आणि वडील?"

"त्यांना ट्रंकेवर बसू द्या." सुनेत्राने घड्याळ पाहिलं. "तीन तासांनी येते मी, ओळख द्यायला."