सहावं गाणं

एकशे बारावी सीडी अडखळली तेव्हा शहाताने चष्मा काढून डोळे चोळले. संगणक एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाचत होता. दोन वाचनं तंतोतंत जुळल्याशिवाय तो पुढे सरकत नसे. दीड महिना हेच चाललं होतं. पोर्ट सईद बंदराच्या खाऱ्या हवेने सीड्यांवर तपकिरी डाग पडले होते, म्हणून प्रत्येकीची अचूक नक्कल करून ठेवायचं त्याच्या मुलीने, इनासने, मनावर घेतलं होतं. दर शुक्रवारी दुपारी येऊन ती बापाला कामाला जुंपायची.

"एखादा कण इकडचा तिकडे झाला तर कुणाला कळणार आहे गं?" शहाता म्हणाला.

"तार केसभर उतरली तर जेवण टाकून उठायचात तुम्ही. आणि आता मला सांगताय?"

तो हसला नाही. सिमसिमियाच्या तारा छेडून त्याला अठरा वर्षं झाली होती.

संध्याकाळ व्हायच्या आत खोक्यात एकच सीडी उरली. कव्हरावर धक्क्यावर उभी पाच माणसं. मधोमध छाती काढून गायक झकरिया, आणि कडेला सिमसिमिया घेतलेला तरणा शहाता.

"ती राहू दे," तो म्हणाला. "दमलोय मी."

ही सीडी त्या पाचांनी मिळून काढली होती. तीनशे प्रती. त्यातल्या सहाव्या गाण्याची चाल शहाताची स्वतःची. एका पहाटे धक्क्यावर बसल्या बसल्या त्याला ती सुचली आणि सोबत एकटा झकरिया होता. कव्हरावर मात्र छापून आलं, 'सर्व चाली पारंपरिक.' शहाताने कॉफीच्या दुकानात चारचौघांत विचारलं, तर झकरिया म्हणाला, "अरे, बंदरावरच्या चालीला कुठे बाप असतो?"

सगळे हसले. शहाता घरी आला आणि त्याने वाद्य खुंटीला टांगलं. त्याच रमजानात झकरिया कुनाफ्याच्या मिठाईचा डबा घेऊन दारात आला. "सांग, घरात नाही," शहाता आतूनच बायकोला म्हणाला, बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. झकरिया पुन्हा आला नाही. पुढे तो इस्माइलियाला मुलाकडे राहायला गेला, एवढंच कानावर आलं.

"एकीसाठी खोकं अर्धवट कशाला ठेवायचं?" म्हणत इनासने सीडी आत सरकवलीच. शहाताने मान फिरवली. यंत्र घुं घुं करत राहिलं.

"अरे वा, गाण्यांची नावं आपोआप आली," ती म्हणाली.

"कुठून येणार? तीनशे तर प्रती."

"कुणीतरी कधीतरी ही सीडी संगणकात घालून नावं टाइप करून इंटरनेटवर चढवली असणार, बाबा. एकदा कुणी लिहिली, की मग जगात कुठेही लावा, तीच दिसतात. आणि आपली नक्कल आणखी चौघांच्या नकलांशी जुळतेय. म्हणजे ऐकणारे आहेत बरं." ती एकेक नाव वाचू लागली. सहाव्यापाशी थांबली. "इथे नुसतं नाव नाही. 'चाल शहाताची. धक्क्यावर, पहाटे.' बाबा, ही चाल तुमची आहे?"

शहाताने चष्मा चढवला. ओळ वाचली. पुन्हा वाचली. त्या पहाटेचं ठाऊक असलेला दुसरा माणूस एकच होता.

"कधी लिहिलंय हे?" त्याने विचारलं.

तिने शोधून काढायला थोडा वेळ घेतला. "दोन हजार चार. नोव्हेंबर."

म्हणजे तोच रमजान. डबा घेऊन तो परत गेला, ते दिवस.

इनासने चहा पुढे केला, तो तसाच निवला. मग शहाता म्हणाला, "झकरियाच्या मुलाचा नंबर कुणाकडे मिळेल का बघ. आजच."

अठरा वर्षांत जगात ज्याने ज्याने ती सीडी संगणकात लावली, त्याने त्याने शहाताचं नाव वाचलं होतं. लावली नव्हती ती एकट्या शहाताने.