निस्ता रस्सा

बार्टलेट साहेबानं पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी तोंडाला लावली आणि हंबीररावाला वाटलं, झालं काम.

शिरोलीला हंबीररावाची लोखंड ओतायची फौंड्री. साहेब विलायतेहून पंपांच्या ओतीव भागांचं, कास्टिंगचं काम द्यायला आलेला. सकाळभर त्यानं एकेक नग उलटासुलटा करून बघितला, हातोडीनं वाजवून बघितला, पण बरा की वाईट ते काही बोलला नाही. सही संध्याकाळी बघू म्हणाला. फौंड्रीची दुसरी भट्टी दिवाळीपासून थंड होती. ही ऑर्डर हुकली तर निम्म्या माणसांना घरी बसा म्हणायची पाळी येणार होती. आणि त्यात हा पठ्ठ्या शाकाहारी निघाला. कोल्हापुरात पावण्याला मटण घालायचं नाही म्हणजे दारातनं परत पाठवल्यासारखंच. पण हंबीरराव असल्या गोष्टीला हार जाणारा गडी नव्हे. शालूबाईच्या खानावळीत शिरता शिरताच त्यानं सांगून टाकलं होतं, "साहेब मटण खात न्हाईत. फोडी काढा, निस्ता रस्सा वाढा."

शालूबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्याकडं सोमवार पाळणारे दोघं-तिघं असंच जेवून जायचे.

दुभाषी म्हणून हंबीररावानं भाचीला, सरोजिनीला आणलं होतं. ती हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. वाटी आली तेव्हाच ती हळूच म्हणाली होती, "मामा, हे मटणाच्या पाण्यातलं आहे."

"फोड हाय का त्यात? दाव मला," मामा म्हणाला. सरोजिनीनं वाटी साहेबाकडं सरकवली. थंड भट्टीचं तिलाही माहीत होतं.

साहेब मात्र भलताच खुशीत होता. मुंबईच्या मोठ्या हॉटेलात तिखटाच्या धास्तीनं त्याला उकडलेल्या बटाट्यावर दिवस काढावे लागले होते. तो वाटीकडं बोट करून बराच वेळ बोलला.

"हे कसं करतात विचारतायत," सरोजिनी म्हणाली. "घरी गेल्यावर बायकोला करायला सांगणार. त्या पण शाकाहारी आहेत."

"सांग की, त्यात झाकायचं काय हाय? नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस. लवंग, वेलदोडा."

सरोजिनीनं सांगितलं. साहेबानं मान डोलावली आणि आणखी एक विचारलं. ती मामाकडं वळली.

"हे सगळं साध्या पाण्यात उकळायचं का, म्हणतायत. होय म्हणू?"

होय म्हटलं की काम हातात. पण हंबीररावाच्या डोळ्यांपुढं ती विलायतेतली बाई उभी राहिली. साध्या पाण्यात नारळाचं दूध ढवळतेय, शेजारणींना बोलावून कोल्हापूरचा रस्सा म्हणून वाढतेय, आणि त्या शेजारणी तोंडं वाकडी करून एकमेकींकडं बघतायत.

"न्हाय," तो म्हणाला. "साध्या पाण्यात पांढरा रस्सा? नाव घालवंल ती बाई कोल्हापूरचं. सांग, मटणाचं पाणी लागतंय."

"मामा, ऑर्डर."

"ऑर्डर गेली खड्ड्यात. सांग."

तिनं सांगितलं. साहेबानं वाटी खाली ठेवली. उठून मोरीवर गेला आणि कितीतरी वेळ चुळा भरत राहिला. शालूबाई तांब्या घेऊन शेजारी उभी होती.

"मटण अजिबातच चालत न्हवतं तर तसं सांगायचं, मालक," ती म्हणाली. "पिठलं टाकलं असतं की."

"तसंच सांगितलं की," हंबीरराव पुटपुटला.

साहेब परत येऊन बसला. शालूबाईनं होतं ते पुढं ठेवलं. दही, कांदा आणि सकाळची भाकरी. साहेब एकेक तुकडा मोडायचा आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचा.

"माफ कर म्हण त्याला," हंबीरराव म्हणाला. "आमच्यात फोड नसली की भागतंय. त्याचं भागत नसंल, हे मला कळाय पायजे हुतं."

सरोजिनीनं सांगितलं. साहेबानं मान वर केली नाही.

मग हंबीररावानं आपलं मटणाचं ताट बाजूला सारलं. "शालूबाई, मलाबी दही-भाकरी द्या."

शालूबाई बघतच राहिली. "तुमास्नी? बरं हाय न्हवं?"

"पावणा वाळकी भाकरी चावतोय आणि मी म्होरं बसून फोडी खाऊ व्हय? आना."

काय चाललंय, साहेबानं विचारलं. सरोजिनीनं सांगितलं. तेव्हा कुठं त्यानं हंबीररावाकडं नीट बघितलं.

"मी विचारलंच नसतं, तर ह्यांनी सांगितलं असतं का, म्हणतायत."

"न्हाय," हंबीरराव म्हणाला. "काय म्हणून सांगितलं असतं? मला तर निस्ता रस्सा शाकाहारीच वाटत हुता."

हे इंग्रजीत ऐकल्यावर साहेब दिवसात पहिल्यांदा हसला, अगदी ठसका लागेपर्यंत. मग त्यानं हात लांब करून ते मटणाचं ताट ओढलं, हंबीररावाच्या पुढ्यात नीट सरकवलं आणि सरोजिनीला काहीतरी म्हणाला.

"मामा, जेवा म्हणतायत," ती म्हणाली. "आमच्या कंपनीचं एवढं मोठं काम दही-भाकरीवर व्हायचं नाही."