गालाच्या पेशी

“जा, आधी चुळा भरून या. तुमच्या तोंडाची घाण माझ्या काचेवर नको,” गोटे सर म्हणाले. ते नेहमी असेच बोलत, दातांवरचे दात न उचलता. आपल्यासाठी पूर्ण तोंड उघडणंही सरांच्या जिवावर येतं, असं नागपूर रस्त्यावरच्या मालेगावच्या बी.एस्सी.च्या पोरांचं मत होतं.

वर्ग नळावर गेला. सरांनी खिडकीतून पाहून नाक मुरडलं. कसली सेल बायोलॉजी आणि कसलं मॉलिक्युलर जेनेटिक्स! डीएनए शिकवायचा कुणाला, तर ज्यांच्या खिशात तंबाखूच्या खर्र्याची पुडी आणि वहीत दुसऱ्याची आकृती. गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय!

सर स्वतः निर्व्यसनी. चहासुद्धा कोमट, डब्यात दहीभात. तिखटाने तोंडाची आग होते म्हणून वर्षभरापासून भाजीही बंद. “तुमचा ठेचा तुम्हालाच लखलाभ,” असं स्टाफरूममध्ये ऐकवायचे. तंबाखूला जन्मात शिवले नाहीत. दिवसभर गालात सुपारीचं खांड असायचं, एवढंच. सुपारी काय, पूजेतही लागते.

पोरं परतली. सरांनी काडीने आपला गाल आतून खरवडला, काचेवर पसरला, वर निळा रंग टाकला. “निर्मळ तोंड कसं असतं ते बघा जरा. लावा कुणीतरी,” म्हणत त्यांनी मागे न पाहताच स्लाइड पुढे केली, कुणीतरी ती घेतली, आणि सर फळ्यावर आकृती काढू लागले.

सूक्ष्मदर्शक चालू असलेले दोनच. मागच्यावर लखीराम डोळा लावून बसला होता. हा मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, दातांवर खर्र्याचं लालसर कीट. घरचे दरवर्षी ऊसतोडीला जायचे. नापास झालास तर यंदा तुझ्याही हाती कोयता, असं बापाने बजावलं होतं. आणि प्रॅक्टिकलचे मार्क गोटे सरांच्या हातात.

“सर, हे बराबर नाई दिसून राह्यलं,” लखीराम म्हणाला. “पुस्तकात केंद्रक बारकं हाय. इथं तं...”

“नाचता येईना, अंगण वाकडं! सरक.”

सरांनी डोळा लावला. केंद्रकं फुगलेली, गडद, वेडीवाकडी. एकेका पेशीत दोन-दोन. कॅन्सरच्या धड्यात हीच चित्रं ते वर्षानुवर्षं दाखवत आले होते. क्षणभर त्यांना वाईट वाटलं. मग बरं वाटलं. लेकाचा पुराव्यासकट सापडला होता.

“या रे सगळे! या, खर्र्याची फळं बघा.” वर्ग गोळा झाला. “हे तोंड सडलंय. कॅन्सर आहे हा, कळलं? आज नागपूर गाठलं तरी कदाचित उशीर झालेला असेल. आणि यांना म्हणे डिग्री पाहिजे! तिरडीला बांधायची का? परीक्षेला मी बसू देणार नाही, सांगून ठेवतो.”

“सर, असं कायले बोलता?” सरिता कळवळून म्हणाली. “कोणाचा तरी जीव हाय तो.”

“जिवाची पर्वा असती तर तोंडाचा असा उकिरडा केला नसता. आपल्या कर्माने मरणाऱ्याची कीव करायची नसते, पोरी. ज्याचं त्याने निस्तरावं.”

लखीराम पांढराफटक पडला होता. तो उठला आणि आपलं स्टूल त्याने सरांपुढे सरकवलं.

“तुमी बसा पह्यले, सर.”

“मला काय बसवतोस? तोंड वर कर आणि बोल.”

लखीरामचे डोळे भरून आले होते. त्याने हात जोडले.

“म्या अजून गालाले काडीच लावली नाई, सर. ही तं तुमी दिलेली स्लाइड हाय.”