बारा वाजल्यानंतरचा नियम

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील एका लहानशा गावी अंगणात जुने सामान मांडून विकण्याच्या विद्येत व्हर्नाबाईंचा शब्द प्रमाण मानला जाई. म्हणून त्यांच्या मुलाने, डेंटनने, आपल्या घरच्या पहिल्या विक्रीला त्यांना आदराने बोलावून सावलीत खुर्ची दिली.

"प्रत्येक वस्तूवर किंमत चिकटव. न उघडलेलं सामान रस्त्याकडच्या टेबलावर ठेव. बारा वाजले की सगळं अर्ध्या किमतीत," व्हर्नाबाईंनी बजावले. "आणि मायेपोटी भाव वाढवू नकोस हो! गिऱ्हाईक काही तुझ्या आठवणी घ्यायला येत नाही."

डेंटनने सारे तंतोतंत पाळले. रस्त्याकडच्या टेबलावर सर्वांत पुढे एक मोठे खोके होते. त्यावरच्या निळ्या फितीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. व्हर्नाबाईंची नजर त्या गाठीवरून हलेना.

एका बाईने खोके हलवून पाहिले. "आत काय आहे हो? आठ डॉलर देऊन घरी नेलं आणि आत चिंध्या निघाल्या तर?"

"कुणास ठाऊक! नऊ वर्षांपूर्वी लग्नात दिलं होतं कुणीतरी. उघडायचं राहूनच गेलं," डेंटन हसला. "पण थांबा, बारा वाजलेत. आई, तुझाच नियम! जरा किंमत बदल ना त्यावरची."


व्हर्नाबाई उठल्या, आणि त्याच्या लग्नासाठी स्वतः दोन हिवाळे बसून शिवलेल्या गोधडीच्या त्या खोक्यावर, आठ खोडून, त्यांनी आपल्याच हाताने चार लिहिले.