एका माणसाची हवा

"पुन्हा नापास," तपासनीस म्हणाला आणि भिंतीवरचं यंत्र काढून त्याने हातात घेतलं.

सूनबाई पुढे झाली. "आता आणखी काय राहिलं? भिंतीतून आवाज जात नाही म्हणालात. खिडक्यांतून ऊब निसटत नाही म्हणालात. स्वयंपाकघरात पंखासुद्धा नवा बसवला!"

"ते सगळं उत्तम आहे. घोळ फक्त या मागच्या खोलीत आहे."

मागची खोली सासूबाईंची. त्या नेहमीप्रमाणे सकाळी बागेत फिरायला गेल्या होत्या. घर नव्या नियमांनी बांधलेलं, डब्यासारखं घट्ट. म्हणून राहणाऱ्यांना पुरेशी हवा मिळते का, ते माणसं राहत असतानाच मोजायचं होतं. तोवर राहायचा परवाना तात्पुरता. आणखी एकदा नापास झालं की घर रिकामं करायचं, बोऱ्याबिस्तर गुंडाळायचा आणि पुन्हा मोठ्या जाऊबाईंच्या दारात उभं राहायचं. तिथे साखरेच्या डब्याचं झाकण वाजलं तरी जाऊबाई डोकवायच्या. नको रे बाबा!

"गेल्या खेपेला ही खोली पास होती की," ती म्हणाली.

"तेच तर कळत नाहीये." तपासनीसाने मान खाजवली. "माणसाच्या श्वासाने हवा किती कोंदट होते ते हे यंत्र सांगतं. झरोका तोच, पंखा तोच. पण हल्ली रात्री इथे दोन माणसांची हवा दिसतेय. झोपतं कोण इथे?"

"सासूबाई. एकट्याच."

"मग एकट्याच झोपतील एवढं बघा," तो यंत्र परत अडकवत म्हणाला. "पुढच्या आठवड्यात शेवटची तपासणी."

तो गेला आणि सूनबाई यंत्राकडे बघत राहिली. दोन माणसांची हवा! त्या खोलीला मागच्या जिन्यावर उघडणारं दार होतं. सासूबाई हल्ली जेवण झालं की लगेच घराकडच्या दाराला आतून कडी लावायच्या. त्यातून बागेतले ते टोपीवाले आजोबा. रोज बाकावर सासूबाईंसाठी जागा धरून बसायचे. अगं बाई, या वयात? बरं, नवऱ्याला सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? "अहो, तुमच्या आईच्या खोलीत रात्री कोणीतरी असतं," असं? तो आधीच हल्ली चिडचिडा झाला होता. घरात आग लावायची हौस तिला नव्हती.

संध्याकाळी नवरा कारखान्यात रात्रपाळीला निघाला. बुटाची नाडी बांधताना त्याने विचारलं, "तपासणीचं काय झालं?"

"होईल."

"होईल म्हणजे?"

"म्हणजे होईल हो! तुम्ही निघा, उशीर होतोय."

"उशीर कसला," तो म्हणाला आणि उगाच थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग डबा उचलून गेला.

तिला राहवेना. ती सासूबाईंकडे गेली. "आई, तुमच्या खोलीची हवा फार कोंदट येतेय यंत्रात."

सासूबाईंच्या विणायच्या सुया थांबल्या. "यंत्राला काय कळतंय! बरं, मागचं दार जरा उघडं ठेवेन."

"तुम्ही एकट्याच असता ना?" शब्द तोंडातून निसटलेच.

"मग काय फौज घेऊन झोपू?" सासूबाई म्हणाल्या. पण नेहमीसारख्या हसल्या नाहीत.

सूनबाई रात्रभर कूस बदलत राहिली. मध्येच उठून भिंतीला कान लावला, तर काही म्हणजे काही ऐकू येईना. मेली भिंत नियमात अगदी चोख! चीड आली, भीती वाटली, आणि सासूबाईंची थोडी दयाही आली. सासरे गेल्यापासून बोलायला तरी कोण होतं त्यांना?

उजाडता उजाडता तिचं ठरलं. भांडायचं नाही. सरळ हात जोडायचे आणि म्हणायचं, आजोबा, लग्न करा, हवं तर मी स्वतः पुढाकार घेते, पण एवढा आठवडा तुमच्या घरी झोपा. ती चपला हातात घेऊन पुढच्या दाराने खाली उतरली आणि मागच्या जिन्याने वर आली. दार हवेसाठी किलकिलं होतं. तिने घसा साफ केला आणि दार ढकललं.

सासूबाई पलंगावर जाग्याच बसल्या होत्या. खाली चटईवर, भिंतीकडे तोंड करून, तिचा नवरा झोपला होता.

"हळू," सासूबाई ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या. "कामावरून काढल्यापासून आज कुठे डोळा लागलाय त्याचा."