कापडाचं घर

"तुझी घरं गवंड्याकडे कमी आणि धोब्याकडे जास्त जातात," दादा म्हणाला आणि शिडीवरून खाली उतरला.

तिने ते हसण्यावारी नेलं. समोर अख्खं घर उभं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मधे अरुंद बोळ, आणि सगळ्या भिंती लाकडी चौकटींवर ताणलेल्या पांढऱ्या कापडाच्या. दादा बांधकामाचे ठेके घेई. बहिणीचं हे खूळ त्याला कधी पटलं नाही, पण चौकटी ठोकायला मात्र तोच यायचा.

तिची पद्धत जगावेगळी होती. गिऱ्हाइकाला ती आधी नकाशा दाखवतच नसे. आधी कापडाचं घर, खऱ्या मापाचं. त्यात गिऱ्हाइकाने आठवडाभर राहायचं. माणसं कुठे रेंगाळतात, कुठे वळसा घालतात, कापड कुठे मळतं, हे बघून मगच ती कागदावर पहिली रेघ ओढे.

तिची कापडी घरं कलादालनांत गाजली. एका दंतवैद्याची बसायची खोली तिने अशी सजवली होती की नंबर लागला तरी पेशंट उठायला तयार नसत. खुर्च्या झाल्या, पडदे झाले, नाटकगृहाचा दर्शनी भाग झाला. विटांचं घर मात्र पन्नाशी आली तरी एकही उभं राहिलं नव्हतं. लोक तोंड भरून कौतुक करत आणि घर दुसऱ्याकडून बांधून घेत.

या वेळी गिऱ्हाईक होतं एक निवृत्त जोडपं. "आम्हाला तुझ्याच हातचं घर हवंय," काकू म्हणाल्या होत्या. जागा तयार होती, बांधणारा दादा होता. हे हुकलं तर आपण जन्मभर कापडवाल्या बाईच राहणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रोज सकाळी काका-काकू फिरायला गेले की ती आत शिरून एकेक खोली तपासायची. एकदा बोळातल्या स्टुलावर तिचा गुडघा सणकून आपटला.

"हे वाटेत कुणी ठेवलं?"

"वाटेत कुठे? भिंतीला लागून आहे," दादा म्हणाला. "पहिल्या दिवसापासून तिथेच आहे."

"मग बल्ब तरी धड आण. या उजेडात माणसाला दिसायचं कसं?"

दादाने वर बल्बकडे पाहिलं. मग स्टूल उचलून घेऊन गेला.

आठवडा संपत आला तेव्हा तिला डाग दिसले. कमरेच्या उंचीवर एक फिकट करडा पट्टा. मोकळ्या भिंतीवर पुसट, दारांपाशी आणि कोपऱ्यांत गडद. तिने भिंग लावलं. बोटांचे ठसे, आणि बोटांच्या ठेवणीवरून सगळे डाव्या हाताचे. कुणीतरी भिंत चाचपत चालत होतं.

त्या दिवशी चहाला ती काकांवर डोळा ठेवून बसली. त्यांचं कोपर लागून कप कलंडला. ते उठायच्या आत काकूंनी मधली खुर्ची सरकवली. दाराशी काकूंनी त्यांचा दंड धरला.

तिला उलगडा झाला. असा एक आजार असतो हे तिने वाचलं होतं. नजर कडांकडून मिटत येते, समोरचं मात्र लख्ख दिसत राहतं, म्हणून बरेच दिवस पत्ताच लागत नाही.

"काकांसमोर अवाक्षर काढू नकोस," तिने दादाला बजावलं. "बिचारे लपवतायत."

"तुझी खात्री आहे?"

"डाग कशाला खोटं सांगतील?"

दादाने खिशातून गाडीची किल्ली काढली. "चल, घरी सोडतो तुला." हल्ली तो रोज सोडायचा. वाटेवरच काम असतं म्हणे.

तिने जीव ओतून घर आखलं. भिंतींवर कमरेच्या उंचीला एक सलग खाच, बोटांना वाट दाखवणारी. दाराआधी फरशी खरबरीत, म्हणजे पावलांना कळावं. सगळे कोपरे गोल, दारं सरकती. अंध न म्हणता अंधाला सांभाळून घेणारं घर. आजवरचं आपलं सगळ्यात चांगलं काम हेच, असं तिला मनोमन वाटलं.

काकांनी नकाशा हातभर लांब धरला आणि त्यावरची मुंगीएवढी मापं घडाघडा वाचून दाखवली.

"सुरेख आहे. पण ही भिंतभर खाच कशाला? आणि सगळं गोल का? आमच्याकडे रांगतं मूल नाही गं."

"काका, माझ्यापासून काय लपवायचं?" ती हळू आवाजात म्हणाली. "भिंतींवरचे ठसे पाहिलेत मी."

"कसले ठसे?"

"अगं बाई, आम्ही कुठे हात लावला?" काकू म्हणाल्या. "इतकं पांढरंशुभ्र, धीरच होईना. हे तर हात पाठीशी बांधून फिरत होते, संग्रहालयात आल्यासारखे! आणि त्या दिवशी कप काय सांडला, तेव्हापासून मी यांना धरूनच आत-बाहेर नेते. कापडावर चहा उडवला तर तुझ्यापुढे तोंड कसं दाखवणार?"

काका ओशाळून हसले.

"असं कसं होईल?" ती तरातरा कापडाच्या घरात शिरली. बाकीचे मागोमाग आले. "हे बघा. इथून सुरू होतो पट्टा. मग हा बोळ. हे दार. इथे किती गडद आहे! दादा, तू सांग, कुणाचे असतील हे?"

दादाची नजर खाली कुठेतरी खिळली होती आणि डोळे भरून आले होते.

तो बघत होता तिकडे तिने बघितलं. मान पुरती वळवावी लागली, तेव्हा दिसलं. करड्या पट्ट्यावर बरोब्बर बसलेला एक डावा हात. तिचाच.